खिडकीपलीकडचा वाचक

परदेशी विमानतळावरच्या खिडकीपाशी विचारले जाणारे प्रश्न साधे असतात : कोण आहात, कशासाठी आलात, परत कधी जाणार? आपल्या प्रवासवर्णनांत हा प्रसंग आलाच, तर बहुधा गमतीचा किस्सा म्हणून येतो. मात्र हे हसू, आत सोडतीलच अशी खात्री असलेल्यालाच परवडते. साहित्याच्या अभ्यासकांनी तरी याकडे वाचनाचा प्रसंग म्हणून पाहावे, असे आम्हांस वाटते. येथे प्रवासी ही संहिता असते आणि अधिकारी हा वाचक.

हा वाचक निःपक्ष असतोच असे नाही. ऑस्ट्रेलियाच्या १९०१च्या कायद्यात नवागताच्या श्रुतलेखनाची तरतूद होती : कोणत्याही युरोपीय भाषेतील ५० शब्द, आणि भाषा निवडणार अधिकारी. १९३४ साली नाझीविरोधी लेखक एगॉन किश तेथे पोचला. त्याला अनेक भाषा येत, म्हणून मजकूर घातला गेला तो स्कॉटिश गेलिकमध्ये. तो अर्थातच अनुत्तीर्ण ठरला. पुढे तेथील हायकोर्टाने, या कायद्याच्या अर्थाने गेलिक ही युरोपीय भाषा नव्हे, असा निर्णय दिला. ही परीक्षा मात्र १९५८च्या कायद्यानेच संपली.

अमेरिकेच्या १९१७च्या कायद्याने साक्षरतेची अट घातली. स्वतःच्या भाषेतील ३०-४० शब्द वाचता आले की पुरे. म्हणजे मराठीही चालली असती. पण त्याच कायद्याने हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागातील लोकांना, विद्यार्थी-शिक्षकांसारखे अपवाद वगळता, मज्जाव केला. मराठी मजुराला आपली भाषा वाचून दाखवण्याची संधीच उरली नाही.

आजही अमेरिकेचा कायदा, काही अपवाद सोडता, पाहुणा कायमचा राहायलाच आला आहे असे गृहीत धरतो. तसे नसल्याचे सिद्ध करायचे ते पाहुण्याने. आमच्या वाशीमकरांच्या जुन्या कागदांवर जिल्हा अकोला, १९९८नंतरच्या कागदांवर वाशीम. बाईच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, पुढच्या कागदांवर सासरचे. आपण यांना पाठभेद म्हणू. संहितेचा संपादक पाठभेदामागचा इतिहास शोधतो. खिडकीपलीकडच्या वाचकाला तेथे बनावटीचा संशय येऊ शकतो. म्हणून मुलाकडे निघालेल्या वडीलधाऱ्यांकडून आम्ही घरीच उत्तरे घोटून घेतो : खरे तेच सांगा, पण थोडक्यात. जन्मभर विद्यार्थ्यांना ‘सविस्तर लिहा’ म्हणणारे आम्हीच!

राज्याला विचारण्याचा अधिकार नाही, असे आमचे म्हणणे नाही. आक्षेप आहे तो संशयापासून सुरू होणाऱ्या वाचनाला. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष देशोदेशी हिंडतो आणि अखेर वत्सगुल्मात, म्हणजे आमच्या वाशीमला, साहित्यविद्येशी त्याचा विवाह होतो. ही कथा आपण अभिमानाने शिकवतो. आता आत्मचरित्र शिकवताना ते तीन प्रश्नही फळ्यावर लिहावेत आणि विद्यार्थ्यांना त्यांची खरी उत्तरे, दोन-दोन ओळींत, लिहायला सांगावीत. त्या ओळींत काय मावत नाही, ते त्यांचे त्यांनाच कळेल.