डॉक्टर, एवढी एक सही द्या!

माथेरानला व्हिजिटला जायचं म्हणजे दस्तुरीला गाडी लावून पुढे पायपीट. त्या दिवशी पाऊस होता, धुकं इतकं की हातभर पुढचं दिसत नव्हतं. फोनवर सांगितलं होतं, "बाबांना बरं नाही." चिखल तुडवत पोहोचलो, तेव्हा कळलं की बाबांना बरं नाही हे खरंच, पण मला बोलावलं होतं ते एका सहीसाठी. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.)

आजोबा ऐंशीच्या पुढचे. चार दिवस ताप, लघवीचा संसर्ग, पोटात अन्न नाही. मोठ्या मुलाने टाईप केलेलं मृत्युपत्र पुढे केलं. "बाबा शुद्धीवर आहेत, एवढंच लिहा." मी आजोबांना विचारलं, "मला ओळखलंत का?" ते म्हणाले, "घोडे बांधले का रे?" घोडे विकून पंधरा वर्षं झाली होती.

मी सही केली नाही. मुलगा चिडला. आजोबांना रुग्णवाहिकेने खाली पाठवलं, सलाईन आणि अँटिबायोटिक्स सुरू झाली. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला नावाने हाक मारली आणि चहा मागितला. कागद काढायचा तर तो दिवस होता. पण आता ते बरे झाले होते, आणि बऱ्या माणसासमोर मृत्युपत्राचा विषय काढणं आपल्याकडे अशुभ! सहा महिन्यांनी अर्धांगाचा मोठा झटका आला आणि ते गेले. मृत्युपत्र नाही. आज त्यांची मुलं एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांचं अंथरूण-पांघरूण, औषधपाणी सगळं केलं ते धाकट्या सुनेने. वारसा कायद्यात, नवरा हयात असलेल्या सुनेला सासऱ्याच्या मिळकतीत काहीही मिळत नाही. आजोबांना तिला काही द्यायचं होतं का? असावं. पण कोणी विचारलंच नाही.

म्हणून माझं मत स्पष्टच सांगतो. मृत्युपत्र हा म्हातारपणाचा किंवा आजारपणाचा कागद नाही. तो धडधाकट असताना करायचा कागद आहे. शेवटच्या घटकेला डॉक्टरला गाठून सही मिळवणं ही फार वाईट पद्धत आहे, आणि दुर्दैवाने तीच आपल्याकडे रूढ आहे.

आजोबांना जे झालं होतं त्याला डेलिरियम म्हणतात. संसर्ग, सोडियम कमी होणं, मूत्रपिंड किंवा लिव्हर बिघडणं, काही औषधं, यांपैकी कशानेही मेंदू काही काळ भरकटतो. याचं लक्षण म्हणजे चढउतार. सकाळी माणूस नीट बोलतो, संध्याकाळी भिंतीवरच्या माणसांशी गप्पा मारतो. "सकाळी तर छान बोलत होते" असं नातेवाईक म्हणतात ते खोटं नसतं. पण आजारपणामुळे आपण काय करतोय हेच ज्याला कळत नाही, त्याने त्या अवस्थेत केलेलं मृत्युपत्र भारतीय वारसा कायदा, १९२५ मानत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. स्मृतिभ्रंशाचं निदान झालं म्हणजे मृत्युपत्राचा हक्क संपला, असं नाही. सुरुवातीच्या अवस्थेत नातवाचं नाव विसरणारी व्यक्तीसुद्धा आपलं काय आहे, आपली माणसं कोण, कोणाला काय द्यायचं आणि का, हे नीट सांगू शकते. मी हेच विचारतो, आणि घरच्यांना बाहेर बसवून विचारतो. पण हा आजार पुढे सरकतो. निदान झालं की पहिल्या काही महिन्यांत हे काम उरका.

मुळात डॉक्टरचं सर्टिफिकेट कायद्याने सक्तीचंही नाही. साध्या कागदावर लिहा, दोन साक्षीदारांसमोर सही करा, त्यांनी तुमच्यासमोर सही करावी. स्टॅम्प लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे (मी म्हणेन, कराच). ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. मत बदललं तर नवीन करा, शेवटचं खरं. मुस्लिम कुटुंबांना वेगळा नियम आहे. वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही.

आता तुम्ही तिशीत असाल तर म्हणाल, "आमच्याकडे आहे काय? होम लोन!" तरीही वाचा. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर सगळं बायकोला जातं, असा समज आहे. तसं नाही. बायको, मुलगे, मुली आणि आई, सगळ्यांना समान वाटा. मुलं लहान असतील तर त्यांच्या वाट्याचं घर विकायला आईलाही कोर्टाची परवानगी काढावी लागते.

बायकांनो, तुमच्यासाठी तर कायदा आणखी विचित्र आहे. मूल नसलेली विवाहित हिंदू स्त्री मृत्युपत्राविना गेली आणि नवराही हयात नसेल, तर तिने स्वतः कमावलेलं आधी नवऱ्याच्या वारसांना जातं, तिच्या आईवडिलांना नाही. एका बाईला लग्नानंतर तीन महिन्यांत वैधव्य आलं, सासरच्यांनी घराबाहेर काढलं. ती माहेरी शिकली, नोकरी केली, पैसे साठवले. ती गेल्यावर तिच्या आईने हक्क सांगितला. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सगळं सासरच्यांना दिलं, कारण कायदाच तसा. एका पानाच्या मृत्युपत्राने हे टळलं असतं. माझ्याकडे येणाऱ्या नोकरदार मुलींना मी हिमोग्लोबिन विचारतो, आणि आताशा हेही विचारतो.

पन्नाशीतली मंडळी म्हणतात, "आम्ही सगळीकडे नॉमिनी लावलाय." नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आपल्या घराघरात भिंतीवर असलेल्या 'कालनिर्णय'चे जयंतराव साळगावकर यांनी २०११ साली मृत्युपत्र केलं होतं. २०१३ साली ते गेले. काही ठेवी आणि म्युच्युअल फंडांवर नॉमिनी होते आणि नॉमिनी हाच मालक का, यावर वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०२३ मध्ये निकाल आला, की नॉमिनेशनने वारसा ठरत नाही. मृत्युपत्र करूनही दहा वर्षं! तेव्हा नॉमिनी आणि मृत्युपत्र यांचा मेळ घालून ठेवा.

आपल्या भागाचे आणखी दोन गुंते. माथेरानमधले बहुतेक प्लॉट सरकारी भाडेपट्ट्याचे. "माझा बंगला" एवढंच लिहून भागत नाही, पट्टा कोणाच्या नावे, मुदत किती, अटी काय, हे आधी बघा. आणि खाली कर्जत-खालापुरात जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून, वडिलांचं तेरावं होत नाही तोच बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची घाई दिसते. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा जन्मापासून हक्क आहे. तुम्हाला भावाला द्यायचं असेल तर खुशाल द्या, पण रडत्या डोळ्यांनी, न वाचता, त्याच आठवड्यात नको. शोकाने माणसाला झोप लागत नाही, लक्ष लागत नाही. अशा वेळी मी रक्तदाबाची गोळीसुद्धा सहसा बदलत नाही.

साठीनंतरच्यांना आणखी एक कागद सुचवतो. मृत्युपत्र मिळकतीचं, तर हा शरीराचा. बरं होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही, हे आधीच लिहून ठेवता येतं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने याला मान्यता दिली. २०२३ मध्ये पद्धत सोपी झाली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी यासाठी न्यायालयात पाठपुरावा केला. तुम्ही लिहिलं नाही, तर तो निर्णय आयसीयूच्या दारात तुमच्या मुलांना करावा लागतो, आणि एक मुलगा पुण्यात, दुसरा अमेरिकेत असला की तिथे काय होतं ते मी पाहिलं आहे.

सर्टिफिकेट हवंच असेल तर माझ्याकडे जरूर या. सकाळी या, चालत या, जेवून-खाऊन, चष्मा आणि कानाचं मशीन लावून. कागद तुम्ही स्वतः वाचलेला असू द्या. मुलांना सोबत आणलंत तरी चालेल, ती बाहेरच्या बाकावर बसतील.