मुळ्याचें बीं व उलटी निवड

मुळ्यासारख्या सामान्य भाजीसाठीं मासिकाचें पान खर्चीं घालावें काय, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. परंतु ऊंस, द्राक्षें, कांदा यांच्या व्यापांत असलेल्या बागाईतदारांनीं आपल्या परसांतील मुळ्याचा वाफा एकवार बारकाईनें पाहावा. बियाण्याचें घर कोठें बिघडतें, हें तेथें स्पष्ट दिसतें.

पुष्कळ ठिकाणचा रिवाज असा कीं, जाड, सरळ व कोंवळे मुळे आधीं उपटून स्वयंपाकघरांत जातात. जीं झाडें मुळा भरण्यापूर्वींच फुलोऱ्यावर येतात, तीं निरुपयोगी म्हणून वाफ्यांत राहतात; आणि त्यांच्याच डिंगऱ्या वाळवून पुढील सालचें बीं धरलें जातें. जें टाकावयाचें तेंच पेरावयाचें, अशी ही उलटी निवड होय. अशानें मुळा उत्तरोत्तर बारीक व लवकर फुलणारा झाला, तर नवल काय? मग ‘घरच्या बियांत दम नाहीं’ असें म्हणून दुकान गांठावयाचें! दोष बियाचा नसून निवडीचा आहे.

उपाय अवघड नाहीं. पाऊस सरल्यावर वरंब्यावर अर्धा इंच खोल बीं टोकावें व रोपें तीन-चार इंचांवर विरळावीं. शेणखत पुरें कुजलेलें असावें. कच्च्या खतानें मुळ्यास फांटे फुटतात. मुळे भरतांच, खाण्यास काढण्यापूर्वीं, बियाचे मुळे निवडावे. ते सरळ, न भेगाळलेले व फुलोऱ्याचें चिन्ह नसलेले असावे. त्यांचा खालचा तिसरा हिस्सा व बहुतेक पाला कापावा, मधला कोंब राखावा आणि दोन-दोन फुटांवर ते पुन्हां लावावे. मुळ्याचें झाड स्वतःच्या परागानें सहसा फळत नाहीं. मधमाश्या दुसऱ्या झाडाचा पराग आणतात. म्हणून वीस-पंचवीस तरी झाडें राखावीं, त्यांच्या फुलांवर विषारी औषध मारूं नये आणि जवळपास दुसऱ्या जातीचा मुळा फुलूं देऊं नये.

सुधारलेल्या जातींस आमचा विरोध नाहीं. ‘पुसा चेतकी’सारखी उष्ण हवेंतही येणारी जात अवश्य आणावी, तिचें बीं मैदानी मुलुखांतही धरतां येतें. मात्र संकरित मुळ्याचें बीं धरल्यास पुढची पिढी एकसारखी निघत नाहीं, हें ध्यानांत असावें. सन २००१ च्या वाण-संरक्षण कायद्यानें शेतकऱ्यास आपल्या शेतांतील बीं राखण्याचा, पेरण्याचा व देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. पण निवडीची नजरच गेली, तर त्या हक्काचें मोल काय? कांद्याचें बीं धरतांनाही हीच नजर लागते. ती मुळ्याच्या वाफ्यांत अल्प खर्चांत तयार होते.

तरी येत्या हंगामांत प्रत्येक सभासदानें एक वाफा बियासाठीं राखावा, आणि त्यांतील उत्तम मुळे ताटांत जाण्यापूर्वीं बाजूस काढावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.