तूप, राजवाडा आणि आपली चार दिवसांची सुट्टी

जयपूरला जाऊन, एखाद्या जुन्या राजवाड्याच्या हॉटेलात दोन रात्री राहून आलेल्या आपल्या पोरापोरींबद्दल समाजात दोन मतं ऐकू येतात. एक मत असं : "समाज अजून वस्तीत, पत्र्याच्या खोलीत राहतोय आणि हे निघाले पंचतारांकित चैन करायला. आरक्षणाची फळं खाऊन चळवळ विसरले." दुसरं मत असं : "भावा, एकदम रॉयल! आता आपणच राजे." आम्हाला ही दोन्ही मतं मान्य नाहीत, आणि ती का मान्य नाहीत हे जरा सविस्तर सांगितलं पाहिजे.

आधी पहिल्या मताशी बोलू. ते मांडणारी माणसं आपलीच आहेत, बहुतेक वेळा आपल्यापेक्षा जास्त झिजलेली आहेत. पण त्यांनी बाबासाहेबांची सहल विसरू नये.

होय, सहल. १९३४ साली चळवळीतल्या काही सहकाऱ्यांच्या मनात आलं की कुठंतरी फिरायला जावं, आणि बाबासाहेबांनी सोबत यावं. बाबासाहेब हो म्हणाले. वेरूळची लेणी पाहायचा बेत ठरला, वाटेत दौलताबादचा किल्ला लागत होता. तीसेक माणसं होती. तो मोर्चा नव्हता, परिषद नव्हती, सत्याग्रहही नव्हता. दिवसरात्र राबणाऱ्या कार्यकर्त्यांना जुनी वास्तू बघायची होती, एवढंच. प्रवासाच्या धुळीनं माखलेल्या या मंडळींनी किल्ल्याच्या दाराजवळच्या हौदावर हातपाय, तोंड धुतलं, आणि तिथल्या मुसलमानांनी आरडाओरडा सुरू केला की यांनी हौद बाटवला. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती एका अटीवर : आत कुठंही पाण्याला हात लावायचा नाही. अट मोडली जाऊ नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई दिला. जगातल्या नामांकित विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला, गोलमेज परिषदा गाजवून आलेला माणूस पर्यटक म्हणून किल्ला पाहतोय आणि मागून शिपाई चालतोय, तो पाण्याला हात लावतो का हे बघायला!

त्याच्या सतरा वर्षं आधी, १९१७ मध्ये, बडोद्यात काय झालं ते आपल्या लहान पोरांनाही पाठ आहे. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून पारशांच्या उतारगृहात राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात उभी. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचे पाच तास बाबासाहेबांनी कामाठी बागेत काढले. या बागेवर आपण रडतो, भाषणं देतो, पोवाडे गातो. पण त्या प्रसंगात मागणी काय होती? रोख पैसे मोजून एक खोली. हॉटेलची खोली!

म्हणून संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात, दुसऱ्या खंडात, दुकानं, उपाहारगृहं आणि करमणुकीच्या जागा यांच्यासोबत 'हॉटेल' हा शब्द लिहून ठेवलेला आहे. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात हॉटेल! कुणाला वाटेल, एवढ्या गंभीर ग्रंथात ही फुटकळ गोष्ट कशाला. ज्याला कधी कुठल्या दारावरून परत पाठवलं गेलं नाही, त्यालाच ती फुटकळ वाटते. आणि ज्यांना चैनीवर आक्षेप आहे त्यांनी हेही आठवावं की ऑक्टोबर १९५६ मध्ये दीक्षेसाठी नागपूरला आलेले बाबासाहेब सीताबर्डीवरच्या श्याम हॉटेलात उतरले होते. स्वतःच्या नावानं. बडोदा ते नागपूर, मध्ये एकोणचाळीस वर्षं गेली.

राहिला पैशाचा प्रश्न. "हेच पैसे चळवळीला दिले असते तर?" याचं उत्तर बाबासाहेबांनी त्याच नागपुरात, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी देऊन ठेवलं आहे. त्यांनी उत्पन्नाचा विसावा भाग मागितला. सगळं उत्पन्न नाही मागितलं, निम्मंही नाही. तेव्हा ज्यानं विसावा भाग दिलेला नाही, त्याला जरूर गाठा, तो जयपूरला गेला असो की घरी टीव्ही बघत बसला असो. ज्यानं दिला आहे, त्याच्या उरलेल्या एकोणीस भागांचा हिशेब मागणारे आपण कोण? सवर्ण घरातलं पोरगं बायकोला घेऊन तलावाकाठच्या महालात राहिलं तर ती 'हौस' असते, आणि आपल्या पोरीनं आईला घेऊन जाऊन मऊ गादीवर झोपवलं की ती 'समाजाशी गद्दारी' होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरची भांडी घासलेल्या बाईला एक दिवस कुणीतरी चहा हातात आणून देतंय, यात आम्हाला तरी गद्दारी दिसत नाही.

इथपर्यंत टाळ्या वाजवणारे काही जण आता नाराज होतील. कारण आता आम्ही 'रॉयल'वाल्यांकडे वळतोय.

राजवाड्याचं हॉटेल खोली विकत नाही. खोली तर कुठंही मिळते, बस स्टँडसमोरच्या लॉजवरही मिळते. ते विकतं दोन दिवसांचं राजेपण. मिशा पिळलेला, फेटा बांधलेला दरवान कमरेत वाकून 'खम्मा घणी' म्हणतो. मालकाला रयतेनं घालायचा हा नमस्कार. वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतात, आरती ओवाळली जाते, जेवताना कोपऱ्यात कुणीतरी खाली बसून रावणहत्था वाजवत असतो. आपण खूश होतो, फोटो काढतो, खाली लिहितो : महाराजा फील. मित्रांनो, कोणता महाराजा?

जयपूरचंच घेऊ. सवाई जयसिंग दुसरा यानं १७२७ मध्ये हे शहर वसवलं. रुंद सरळ रस्ते, नऊ चौकड्या, आखीव बाजारपेठा; नगररचना म्हणून अभ्यासावं असंच शहर आहे, आम्ही ते नाकारत नाही. २०१९ मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा म्हटलं. पण रस्त्यांबरोबर कोणत्या जातीनं, कोणत्या धंद्यानं कुठल्या मोहल्ल्यात राहायचं हेही तिथं आखलं गेलं. शास्त्रावर बांधलेलं शहर म्हणून गाइड जे कौतुकानं सांगतो, त्या शास्त्रात आपली जागा कुठं असते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. हाच जयसिंग अठराव्या शतकात अश्वमेध यज्ञ करत होता. (गुलाबी रंग मात्र शास्त्रातला नाही. तो १८७६ मध्ये इंग्रजांच्या युवराजाच्या स्वागतासाठी फासला. देव-धर्म-परंपरा सगळं एका बाजूला, साहेब आला की भिंती रंगवायच्या.)

आता रामबाग. सवाई मानसिंग दुसऱ्यानं १९२५ पासून हे आपलं राहतं घर केलं. १९३३ मध्ये त्याचा पोलोचा संघ इंग्लंडमध्ये स्पर्धा जिंकत होता. त्याचे घोडे, त्याचे चषक, त्याच्या मेजवान्या यांचे फोटो बघायला आज लोक जातात. त्याच राजाच्या राज्यात चकवाडा नावाचं गाव आहे. बाबासाहेबांच्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये १९३६ साली हे नाव आलं आहे, आणि आपल्यातल्या ज्यांनी ते पुस्तक खरोखर वाचलंय त्यांनी राजवाड्याच्या जेवणघरात बसल्यावर ते आठवावं. चकवाड्यातला एक अस्पृश्य तीर्थयात्रा करून आला. रिवाजाप्रमाणे त्यानं आपल्या जातभाईंना जेवण घातलं. जेवण चांगलं द्यायचं म्हणून पदार्थ तुपात केले. पंगत बसलेली असताना शेकडो हिंदू लाठ्या घेऊन चालून आले, अन्न नासवलं, जेवणाऱ्यांना मारलं. जेवणारे ताटं सोडून पळाले. गुन्हा एवढाच की तूप खाल्लं. घरचं, स्वतःच्या पैशाचं तूप. कारण तूप हे वरच्यांच्या मोठेपणाचं लक्षण, ते खालच्यानं खाणं म्हणजे पायरी सोडणं.

चैन म्हणजे काय, याचा याहून नेमका धडा आम्हाला माहीत नाही. आपल्यासाठी चैन कधी फक्त पैशाची गोष्ट नव्हतीच. पैसे असूनही तूप खायला बंदी, घोड्यावर बसायला बंदी, बाईनं चांदी घालायला बंदी, पक्कं घर बांधायला बंदी. आणि हे सगळं इतिहासजमा झालं म्हणाल, तर २००१-०२ मध्ये याच चकवाड्यात बैरवा समाजातल्या माणसांनी गावच्या सार्वजनिक तळ्यात अंघोळ केली म्हणून त्यांच्यावर बहिष्कार पडला. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. हिशेब तुम्हीच करा. राजस्थानात दलित नवरदेवाची घोड्यावरची वरात पोलीस बंदोबस्तात निघाल्याच्या बातम्या अजूनही येतात, आणि राजवाड्याच्या हॉटेलात लग्न लावणाऱ्या परदेशी पाहुण्याला घोडा, हत्ती, उंट जे हवं ते पॅकेजमध्ये मिळतं.

तेव्हा फेटा बांधून, सिंहासनासारख्या खुर्चीत बसून फोटो काढताना जरा थांबा. त्या खुर्चीत बसणाऱ्याच्या समोर आपला आजा उभाही राहू शकला नसता. "म्हणूनच तर बसतो, सूड म्हणून बसतो," असं काही पोरं म्हणतात. आम्हाला हे पटत नाही. खुर्ची तीच, वाकणारा तोच गरीब, फक्त बसणारा बदलला, तर त्यात बाबासाहेबांचं काय आलं?

संविधानात 'हॉटेल' आहे तसा 'बेगार' हाही शब्द आहे, अनुच्छेद २३ मध्ये. इंग्रजी मसुद्यातही तो देशी शब्दच ठेवला. महाराष्ट्रातल्या महारांना हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. वतनाच्या तुकड्यापोटी रात्री-अपरात्री सरकारी कामाला धावणं म्हणजे काय, ते आपल्या घराघरात माहीत होतं. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणलं, आणि वतनं जाण्यासाठी १९५८ चा कायदा यावा लागला. संस्थानांत तर रयतेकडून फुकट राबवून घेणं हा राजाचा हक्कच होता. ज्या वाड्याच्या संगमरवरावर आपण अनवाणी चालून बघतो, तो या व्यवस्थेच्या पैशावर आणि घामावर उभा आहे.

आणि आपल्याला 'फुकटे' म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. राज्य विलीन झाल्यावर जयपूरच्या महाराजाला भारत सरकारकडून वर्षाला १८ लाख रुपये तनखा मिळत होता, तोही करमुक्त. गुणवत्ता कोणती? जन्म. हे १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीपर्यंत चाललं. शिष्यवृत्तीच्या काही हजारांवरून आपल्या पोरांना टोमणे मारणाऱ्या मंडळींनी या जन्मजात शिष्यवृत्तीविरुद्ध कधी आंदोलन केल्याचं ऐकिवात नाही. तीच मंडळी आज त्या राजघराण्यांची नावं काढताना हात जोडतात.

मग जायचं की नाही? जायचं. ताठ मानेनं जायचं, नाव-आडनाव न लपवता नोंदवहीत लिहायचं. साडेसात हजारांवरच्या खोलीला अठरा टक्के जीएसटी लागतो, तोही भरायचा आणि आपण करदाते नाही असं पुन्हा कुणाला म्हणू द्यायचं नाही. गरम पाण्यात तासभर डुंबायचं. पण पाहुणा म्हणून जायचं, राजा म्हणून नाही. खोली झाडणाऱ्या, संडास धुणाऱ्या माणसाला 'ए' म्हणायचं नाही. या धंद्यात हाउसकीपिंगचं काम मोठ्या प्रमाणावर ठेकेदाराकडून होतं, आणि बक्षिसी देखण्या गणवेशातल्या दरवानाच्या हातात सहज पडते. जिच्या हातांनी आपली चादर बदलली ती बहुतेक वेळा दिसतही नाही. तिला गाठून द्या. पगार किती, सुट्टी असते का, भविष्य निर्वाह निधी कापतात का, हे विचारा. हे विचारल्यानं सुट्टीचा मजा जात नाही.

त्या हॉटेलातल्या बाईला छळाविरुद्ध दाद मागायला तक्रार समिती असते, ती कुठून आली हेही कळू द्या. जयपूरपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या भटेरी गावच्या, कुंभार समाजातल्या भंवरी देवीनं १९९२ मध्ये बालविवाह रोखायचं सरकारी काम केलं, म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये जयपूरच्या न्यायालयानं आरोपींना त्या आरोपातून सोडलं. वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईला विटाळणार नाहीत, असा तर्क त्या निकालात होता. त्या लढ्यातून १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली, आणि २०१३ चा कायदा. देशातल्या प्रत्येक पंचतारांकित हॉटेलवर बहुजन बाईचं हे ऋण आहे. कुठल्या माहितीपत्रकात तिचं नाव असतं का?

याच शहरात राजस्थान उच्च न्यायालयाच्या आवारात १९८९ पासून मनूचा पुतळा उभा आहे. समतेच्या संविधानाची शपथ घेतलेल्या न्यायालयात मनू! तो हटवायचं ठरलं, त्याविरुद्ध याचिका झाली, आणि प्रकरण दशकानुदशकं लोंबकळत पडलं. २०१८ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या दोन आयाबायांनी त्याला काळं फासलं आणि अटक करवून घेतली. त्या कुठल्या राजवाड्यात उतरल्या नव्हत्या. आंबेडकर सर्कल तिथून जवळ आहे. संध्याकाळी पोलोच्या बारमध्ये जायच्या आधी तिथं जाऊन या.

आणि एक दिवस जास्तीचा ठेवा, बैराटसाठी. हॉटेलातल्या सहल विभागाच्या यादीत आमेर, नाहरगड, हवामहल, हत्तीगाव असतं. बैराट तुम्हालाच सांगावं लागेल. जयपूरपासून ऐंशी-नव्वद किलोमीटर. गुलाबी शहराला तीनशे वर्षं झाली. बैराटला अशोकाच्या काळातल्या गोलाकार चैत्यगृहाचे अवशेष आहेत. इथंच तो शिलालेख सापडला, ज्यात अशोक बुद्ध, धम्म आणि संघ यांच्यावरची आपली श्रद्धा उघड सांगतो आणि भिक्खू-भिक्खुणींनी, उपासक-उपासिकांनी कोणते धम्मग्रंथ ऐकावेत त्यांची नावं देतो. तो दगड आता कोलकात्याला एशियाटिक सोसायटीत आहे, पण टेकडी, विटा, चैत्याचा गोल पाया जागेवर आहे. दिल्लीच्या महामार्गानं शाहपुऱ्यापर्यंत जायचं, तिथून अलवरचा रस्ता धरायचा. चढण आहे आणि सावली कमी. आई-वडील सोबत असतील तर हॉटेलचा नाश्ता बांधून घ्या आणि सकाळी लवकर निघा.

जय भीम.