सभेआधीच ठरते ते

अमेरिकेतल्या अनेक शहरांत सिटी मॅनेजरकडून दर आठवड्याला, बहुधा शुक्रवारी, एक टिपण निघते. ते नगर परिषदेच्या सदस्यांना उद्देशून असते आणि बहुतेक ठिकाणी शहराच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचायला मिळते. कुठल्या रस्त्यावर स्लरी सील म्हणजे डांबराचा पातळ थर पडणार, कुठल्या चौकातला सिग्नल बदलणार, पोलीस खात्यात किती जागा रिकाम्या आहेत, ग्रंथालयाच्या वेळा उन्हाळ्यात काय राहणार, पाणीदराच्या अभ्यासासाठी कुणाला नेमले, असा त्यातला मजकूर. वाचताना डोळा लागावा असाच. आपल्यापैकी फार थोडे जण तो उघडून बघत असतील. तरीही शहराच्या कारभारात साध्या रहिवाशाच्या शब्दाला वजन येण्याची खरी वेळ याच रटाळ टिपणात सापडते, असे माझे मत आहे. परिषदेच्या सभेपर्यंत ती वेळ बहुतेकदा निघून गेलेली असते, आणि निवडणूक तर त्याहून दूरची गोष्ट.

सिटी मॅनेजर म्हणजे आपल्याकडचा महापालिका आयुक्त ही समजूत सोयीची आहे, पण अर्धीच खरी. मुंबईच्या १८८८ च्या कायद्यापासून कारभाराची सूत्रे आयुक्ताच्या हाती आहेत. पण त्याला नेमते राज्य सरकार, आणि नगरसेवकांनी सभागृहात कितीही आदळआपट केली तरी त्याच्या बदलीचा कागद सहसा मंत्रालयातूनच निघतो. इथे अमेरिकेत सिटी मॅनेजरला नगर परिषद स्वतः नोकरीवर ठेवते आणि परिषदेचे बहुमत फिरले की तीच घरी पाठवते. व्हर्जिनियातल्या स्टॉन्टनने १९०८ मध्ये असा पहिला व्यवस्थापक नेमला. पद्धतीला जोर मिळाला तो ओहायोतल्या डेटनमुळे. मार्च १९१३ च्या महापुरात तिथे आणि आसपास साडेतीनशेहून अधिक माणसे दगावली, आणि पक्षीय पुढाऱ्यांच्या कारभाराला विटलेल्या शहराने त्याच वर्षी नवी सनद मंजूर केली. १९१४ च्या जानेवारीत हेन्री वेट या अभियंत्याच्या हाती कारभार गेला. रिचर्ड चाइल्ड्स या सुधारकाने या पद्धतीचा देशभर प्रचार केला. आज फिनिक्स, सॅन अँटोनिओ, डॅलस, सॅन होजे यांसारखी मोठी शहरे तिच्यावर चालतात, आणि मराठी माणसाचा पत्ता जिथे हमखास सापडतो ती फ्रीमॉन्ट, सनीवेल, क्युपर्टिनो, प्लेनो, फ्रिस्को, केरी ही गावेसुद्धा. धोरण लोकांनी निवडलेल्यांनी ठरवायचे आणि अंमल तज्ज्ञाने करायचा, अशी ही वाटणी. कागदावर ती स्वच्छ दिसते. प्रत्यक्षात यांतल्या बहुतेक ठिकाणी परिषदेवरची माणसे दिवसा आपापली नोकरी किंवा धंदा सांभाळून, तुटपुंज्या मानधनावर संध्याकाळी सभेला येतात. शहराबद्दल त्यांना जे कळते त्यातले बरेचसे मॅनेजरच सांगतो. कुठला प्रश्न कधी, कुठल्या पर्यायांसह समोर आणायचा हे ज्याच्या हाती असते, त्याच्याकडे निर्णयाचा मोठा वाटा आपसूक जातो. आठवड्याचे टिपण या व्यवहाराचाच भाग आहे. सभेत मालकांना अनपेक्षित धक्का बसू नये म्हणून नोकराने आधी दिलेली ती वर्दी असते. ती आपल्यासाठी लिहिलेली नसते, आणि तिची किंमत आहे ती त्यामुळेच.

पाण्याच्या दराचे उदाहरण घेऊ. कॅलिफोर्नियात १९९६ च्या प्रपोझिशन २१८ नुसार दर वाढवायचे तर शहराला किमान ४५ दिवस आधी टपालाने नोटीस पाठवावी लागते, जाहीर सुनावणी घ्यावी लागते, आणि निम्म्याहून अधिक मिळकतींकडून लेखी हरकती आल्या तर वाढ बारगळते. वाचायला अधिकार भक्कम. पण ती नोटीस आपल्या टपालपेटीत पडेपर्यंत पुलाखालून बरेच पाणी वाहून गेलेले असते. सल्लागाराने खर्चाचा अभ्यास संपवलेला असतो. जुने नळ किती वर्षांत बदलायचे, राखीव निधी किती ठेवायचा, वाढीव भार वापरावर टाकायचा की प्रत्येक जोडणीच्या स्थिर आकारावर, हे सगळे त्यात बसवून झालेले असते. यातला शेवटचा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो, पण खिशाला भिडणारा तोच आहे. स्थिर आकार वाढला तर दोन खोल्यांत राहून बेताने पाणी वापरणाऱ्या जोडप्याला तो जड जातो. वापराचे टप्पे कडक केले तर ज्या घरात आईवडील सहा महिने मुक्कामाला आलेले आहेत, त्या घराचे बिल फुगते. हा कल ठरत असतो तेव्हा त्याची जाहीर खूण बहुधा एकच असते: नोटिशीच्या कितीतरी महिने आधीच्या एखाद्या शुक्रवारच्या टिपणातली ओळ, की पाणीदर अभ्यासासाठी अमुक कंपनीशी करार झाला असून प्राथमिक आराखडा अभ्यास-सत्रात येईल. त्या आठवड्यात परिषद सदस्याला लिहिलेली चार ओळींची ईमेल अभ्यासाची दिशा बदलू शकते, कारण तेव्हा त्याचे स्वतःचेही मत बनलेले नसते. सुनावणीच्या रात्री तीन मिनिटे माईकसमोर कितीही पोटतिडकीने बोला, अर्ध्या गावाच्या हरकती गोळा झाल्या नसतील तर ते वरातीमागून घोडे.

सगळ्याच विषयांना एवढी मोठी प्रक्रिया नसते, आणि म्हणून इतर बाबतींत हे आणखीच लागू पडते. कॅलिफोर्नियाचा ब्राउन कायदा १९५३ चा. नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावलीच पाहिजे असे तो सांगतो. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी लावलेली पत्रिका मंगळवारच्या सभेला पुरते, आणि मधे शनिवार-रविवार. त्या पत्रिकेत कन्सेंट कॅलेंडर नावाची यादी असते. तिच्यातले विषय वादाचे नाहीत असे गृहीत धरून सगळे एकाच मतदानात, चर्चेविना मंजूर होतात. कंत्राटे, भाडेकरार, मुदतवाढी यांतलीच. त्या यादीतून विषय बाहेर काढून चर्चेला घ्यायला लावणे शक्य असते, पण त्यासाठी तो तिथे येणार हे कुणाला तरी आधी ठाऊक हवे.

यावरचा पहिला आक्षेप रास्त आहे, आणि तोच सर्वांत वजनदार आहे. मॅनेजर स्वतःच्याच कारभाराबद्दल लिहिणार म्हटल्यावर तो स्वतःची पाठ थोपटून घेणार, गैरसोयीचे ते गाळणार. असल्या कागदावर भरवसा कशाला ठेवायचा? बेलचे उदाहरण याच बाजूचे आहे. लॉस एंजेलिसजवळचे सुमारे ३५ हजार वस्तीचे हे कष्टकऱ्यांचे गाव. २०१० मध्ये उघड झाले की तिथला सिटी मॅनेजर रॉबर्ट रिझो जवळजवळ ८ लाख डॉलर पगार घेत होता. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला तेव्हा ४ लाख मिळत होते. अर्धवेळ काम करणारे परिषद सदस्यही वर्षाला लाखाच्या घरात कमावत होते. याचा पाया २००५ मध्ये रचला गेला होता. एका विशेष निवडणुकीत बेलला स्वतःची सनद मिळाली आणि सदस्यांच्या पगारावरची राज्याची मर्यादा गावापुरती उठली. त्या निवडणुकीला चारशे माणसेही मतदानाला आली नव्हती. पुढे रिझोला १२ वर्षांची शिक्षा झाली, आणि प्रकरण बाहेर काढणाऱ्या लॉस एंजेलिस टाइम्सला पुलित्झर मिळाले. आता, रिझोची टिपणे नियमित वाचून कुणाला त्याचा पगार कळला असता असे मी म्हणणार नाही. लपवायचेच ठरवले तर कुठलाही कागद लपवण्याच्या कामी येतो. पण जेफ गॉटलिब आणि रुबेन व्हिवेस या बातमीदारांना माग लागला तो कसा, तेही पाहावे. ते शेजारच्या मेवुड गावाच्या बातमीमागे होते. मेवुडने आपले कर्मचारी कमी करून कारभार बेलकडे सोपवायचे ठरवले होते. अगदी रुक्ष प्रशासकीय बाब. तिच्यामागे जाऊन त्यांनी कागद मागितले. सार्वजनिक कागद मागण्याचा अधिकार सगळ्यांना आहे, पण कुठला कागद मागायचा हे कळायला कुठलीतरी कंटाळवाणी बाब नीट वाचलेली असावी लागते. आणि गाळलेले काय, हेही सातत्याने वाचणाऱ्यालाच दिसते. सहा महिने दर शुक्रवारी दिसणारा एखादा प्रकल्प सातव्या महिन्यात टिपणातून गायब झाला, तर विचारण्याजोगा प्रश्न आपोआप तयार होतो. बेलनंतर २०११ मध्ये कॅलिफोर्नियाने बड्या अधिकाऱ्यांच्या पगाराचा विषय घाईने बोलावलेल्या विशेष सभेत घ्यायला बंदी केली. म्हणजे कायद्यालाही शेवटी हेच पटले: मोठा निर्णय नेहमीच्या, आधी जाहीर झालेल्या रिवाजातून जाऊ द्या.

पूर्वी हे वाचायचे काम आपल्या वतीने स्थानिक वर्तमानपत्राचा माणूस करायचा. तो सभेला मागच्या रांगेत बसायचा, टिपणे चाळायचा, आणि आपल्याला शनिवारी तयार बातमी मिळायची. ती सोय मोडली. २००५ पासून अमेरिकेतली एक तृतीयांशाहून अधिक वर्तमानपत्रे बंद पडली आहेत. याची झळ किती, याचा एक ठोस अंदाज गाओ, ली आणि मर्फी या तीन अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासातून मिळतो. ज्या काउंटीत वर्तमानपत्र बंद पडले तिथे स्थानिक संस्थांच्या कर्जरोख्यांचे व्याज शेकडा ०.०५ ते ०.११ ने वाढले, असे त्यांना आढळले. आकडा इवलासा दिसतो. पण शाळेची इमारत किंवा सांडपाण्याचा प्रकल्प वीस-तीस वर्षांच्या कर्जावर उभा राहतो, आणि ते व्याज मालमत्ता करातून आणि बिलांतून आपणच भरतो. नजर ठेवणारे कुणी उरले नाही की धनकोसुद्धा जास्त दर मागतो, असा त्याचा सरळ अर्थ.

दुसरा आक्षेप आपल्या लोकांकडून हमखास येतो: आम्हाला मत कुठे आहे? एच-वन-बीवर आलेला, ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षे ताटकळणारा माणूस शहराच्या कारभारात लक्ष घालून काय करणार? पण मतपेटी हा एकच दरवाजा असता तर हे खरे. परिषदेच्या सभेत नागरिकत्वाचा कागद न दाखवता बोलता येते. पाणीदराची हरकत मिळकतीला जोडलेली आहे, ती घरमालक किंवा बिल भरणारा भाडेकरू घेऊ शकतो. पासपोर्ट कुठला हे कुणी विचारत नाही. उलट ज्याला मत नाही त्यानेच निर्णयाच्या आधीच्या टप्प्यावर हजर असायला हवे, कारण नंतर निवडणुकीत हिशेब चुकता करण्याची सोय त्याला नाही. हे सगळे वाचण्यासाठीच तर परिषद सदस्य निवडले आहेत, असेही कुणी म्हणेल. ते वाचतातही. पण पाच-सात माणसांनी वाचलेल्या टिपणावर एकाही रहिवाशाचा प्रश्न येत नसेल, तर हा विषय लोकांच्या जिव्हाळ्याचा नाही असाच निष्कर्ष ते काढणार, आणि त्यात त्यांची चूक म्हणता येणार नाही.

राहिला प्रश्न, सगळे सुरळीत चालले असताना कशाला नाक खुपसायचे? नळाला पाणी आहे, रस्त्यावर खड्डे नाहीत. याला उत्तर द्यायला मुंबई-पुण्याकडेच पाहावे लागते. २०२२ च्या मार्चमध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ निवडणुकाच झाल्या नाहीत. प्रशासक म्हणून बसलेल्या आयुक्तानेच अंदाजपत्रक मांडायचे आणि त्यानेच मंजूर करायचे. या प्रकारावर इथल्या आपल्या गप्पांत, व्हॉट्सअॅपच्या गटांत पुष्कळ संताप व्यक्त झाला, आणि तो रास्त होता. पण तिथे सभागृह नव्हते म्हणून चिडणाऱ्याने इथे असलेल्या सभागृहाकडे पाठ फिरवून बसावे, हे मला पटत नाही. इथला मॅनेजर निदान दर आठवड्याला लिहून देतो, आणि परिषदेला उत्तर द्यायलाही बांधील असतो.

शिवाय हा कारभार आपल्याला वाटतो तेवढा परका नाही. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात अमेरिकेकडून खेळणाऱ्या सौरभ नेत्रावळकरने सुपर ओव्हर टाकून पाकिस्तानला नमवले, ते टेक्सासमधल्या ग्रँड प्रेअरीचे मैदान शहराच्या मालकीचे आहे. मुळात ते बेसबॉलचे. तिथला संघ बंद पडला आणि परिषदेने क्रिकेटवाल्यांशी भाडेकरार केला. सामना आपण श्वास रोखून पाहिला, आणि भाडेकरार मात्र शहराच्या कागदपत्रांत कुठेतरी पडून आहे. सामन्याची तारीख ज्यांना पाठ आहे त्यांतल्या किती जणांना आपल्याच गावच्या बागेतल्या क्रिकेटच्या खेळपट्टीची देखभाल पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात आहे की नाही, हे सांगता येईल?

वाचायला फार लागत नाही. टिपण बहुधा थोड्या पानांचे असते, आणि त्यातले निम्मे वगळण्याजोगे असते: कर्मचाऱ्यांच्या सत्काराचे परिच्छेद, बागेतल्या कार्यक्रमांचे फोटो. थांबायचे ते जिथे सल्लागार नेमला, करार झाला, अभ्यास सुरू झाला, मुदत वाढवली असे काही येते तिथे. आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे की आपले सभासद ज्या चार-पाच गावांत राहतात त्या प्रत्येक गावासाठी एक वाचक नेमावा. मत असलेला किंवा नसलेला, कुणीही चालेल. गणेशोत्सवाच्या सभागृहासाठी आणि रस्त्याच्या परवान्यासाठी आपण शहराच्या दारी दरवर्षी जातोच. येत्या शुक्रवारी शहराचे टिपणही उतरवून घ्यावे, आणि त्यातल्या एका ओळीबद्दल आपल्या परिषद सदस्याला प्रश्न विचारणारी ईमेल सोमवारपर्यंत पाठवावी.