मोळी बांधणारी छायाचित्रात का नाही?

गळीत हंगामाच्या आरंभी साखर कारखान्याच्या गव्हाणीत मोळी टाकण्याचा समारंभ होतो. अध्यक्ष, संचालक व पाहुणे मोळीला हात लावतात. त्या क्षणाचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते. ज्या बाईने ऊस तोडून मोळी बांधली, ती मात्र त्यात नसते.

आम्ही मुरगूड परिसरातील माणसे तिला रोज पाहतो. वेदगंगेकाठच्या फडांतून डोक्यावर मोळी घेऊन ती फळीवरून गाडीत चढते. रस्ता अडला म्हणून आम्ही हॉर्न वाजवतो. नवराबायको मिळून हिशेबात एक 'कोयता'. घेतलेली उचल फिटेपर्यंत मुकादमाचे बांधलेले. खाडा झाला की दंड. पाळीच्या दिवसांतही विसावा नाही. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे जवळजवळ दर सहा जणींत एक! बातमी आली, आम्ही हळहळलो आणि वर्तमानपत्र रद्दीत गेले.

म्हणून आमचे म्हणणे असे, की या स्त्रियांच्या जिण्याचे छायाचित्रप्रदर्शन भरवावे आणि ते मुरगूडच्या बसस्थानकावर भरवावे. शहरातील कलादालनात नको, धर्मग्रामाच्या सभागृहातही नको. तेथे आधीच पटलेली माणसे येतात, चहा घेतात व अभिप्रायवहीत 'हृदयस्पर्शी' असे लिहून जातात. पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांतील कष्टकरी ग्रामीण स्त्रियांची छायाचित्रे टिपली, आणि त्यांचे प्रदर्शन बसस्थानकांवर, कारखान्यांच्या दारांत, शेतमजुरांच्या मेळाव्यांत नेले. हा मार्ग आम्हांला योग्य वाटतो.

'यात गावाची बदनामी आहे,' असे म्हटले जाईल. आमच्या उसासाठी राबताना कोणाचे शरीर मोडते, हे दाखवणे बदनामी असेल, तर ते घडू देणे काय आहे? 'ते बीडचे प्रश्न,' हा युक्तिवाद तर त्याहून लंगडा. ऊस आमचा आहे.

चित्रांनी काय होणार, असेही विचारतील. १९०४ मध्ये कांगोत अ‍ॅलिस सीली हॅरिस या प्रॉटेस्टंट मिशनरी स्त्रीने आपल्या मुलीचा तोडलेला हात व पाय यांकडे पाहत बसलेल्या बापाचे छायाचित्र घेतले. अशी चित्रे जादूच्या कंदिलाने इंग्लंडच्या प्रार्थनागृहांत दाखवली गेली. १९०८ मध्ये राजा लिओपोल्डला कांगोवरचा खाजगी ताबा सोडावा लागला. तो केवळ चित्रांमुळे सुटला असे नव्हे; पण 'आम्हांला ठाऊक नव्हते' ही सबब उरली नाही. (बेल्जियममधील पुष्कळ कॅथलिक तेव्हा राजाच्याच बाजूने होते, हेही विसरू नये.)

एक अट मात्र आम्ही घालू. छायाचित्र काढण्यापूर्वी त्या बाईला तिच्या कोपीवर जाऊन विचारावे, आणि काढलेले प्रथम तिलाच दाखवावे. ती नको म्हणाली, तर ते भिंतीवर लागू नये. मुकादमाचा रोष तिला सोसायचा आहे, आम्हांला नाही. शस्त्रक्रियेविषयी तर तिने आपणहून सांगितले तरच लिहावे. दयेसाठी काढलेली रडकी मुले आणि फाटकी लुगडी आमच्या संस्थांच्या पत्रकांत पुरेशी छापून झाली आहेत.

आणि हे कारखान्याचा पट्टा पडण्यापूर्वी व्हावे. त्यानंतर टोळ्या गावी परततील, आणि जिची चित्रे लावली तिलाच ती पाहता येणार नाहीत.