मोलकरणीचा गुडघा

गुडघा दुखला की आपल्याकडे दोनच निदानं ठरलेली. एक तर 'वय झालं', नाहीतर 'वंगण संपलं'. मंडळी, तिसरंही एक कारण असतं आणि त्याचा संबंध आपल्या घरातल्या फरशीशी आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

हाडावर कातडी किंवा स्नायूंचे दोर घासू नयेत म्हणून शरीरात जागोजागी बर्सा नावाच्या चपट्या पिशव्या असतात. आत जेमतेम ओलावा. त्यातली एक गुडघ्याच्या वाटीवर. रोज गुडघा टेकून काम केलं की ती चिडते, पाणी धरते. हाच बर्सायटिस. सूज सांध्याच्या आत नसते, वाटीच्या वर मऊ फुगवटा येतो.

इंग्रजीत याला चक्क 'हाउसमेड्स नी' म्हणतात, म्हणजे मोलकरणीचा गुडघा! ब्रिटनमध्ये खाणकामगारांचं असंच दुखणं, 'बीट नी', कामामुळे होणाऱ्या आजारांच्या सरकारी यादीत आहे. आपल्याकडे मात्र कामवाल्या मावशी लंगडत आल्या तर आपण मलमाची ट्यूब देऊन मोकळे.

उपाय तसे साधे. गुडघा टेकायचा नाही. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं धरायचा. लागल्यास डॉक्टरांना विचारून सूज उतरवणारी गोळी. बहुधा काही आठवड्यांत आराम पडतो. पण गुडघा लाल, गरम झाला किंवा ताप आला तर शेकत, चोळत बसू नये. आत जंतू शिरलेले असू शकतात, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आता पहिला उपाय पुन्हा वाचा. 'गुडघा टेकायचा नाही.' चार घरची लादी पुसणारीने हा कसा पाळायचा? विश्रांती म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे कापलेला पगार. माझं स्पष्ट मत आहे की हे औषध तिला नाही, आपल्याला लिहून दिलेलं आहे. लांब दांड्याचा मॉप आणायचा आणि सूज उतरेपर्यंत फरशीच्या कामाची भरपगारी सुट्टी द्यायची.

"मॉपने कोपरे निघत नाहीत गं!" असं आमच्या समस्त काकू-मावश्या म्हणणार, ठाऊक आहे. नसतील निघत. मग रविवारी कोपरे आपण पुसू या की. बघा पटतंय का!