विषय दारात आहे, कादंबरी नाही

डहाणू-तलासरीकडचा एखादा तरुण कादंबरी लिहायची म्हणाला, की त्याला तीन सल्ले हमखास मिळतात. विषय दारातच आहे, लिहून टाक. भाषा मात्र शुद्ध ठेव. आणि छपाईसाठी चार पैसे बाजूला काढ. तिन्ही सल्ले आपुलकीचे आहेत आणि तिन्ही घातक आहेत.

विषय दारात आहे हे कबूल. १९४५चा वारल्यांचा उठाव इथलाच. वेठीला आणि लग्नाच्या कर्जापायी लग्नगडी ठेवण्याच्या चालीला तो भिडला. पण त्या लढ्यात स्वतः उतरलेल्या गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ प्रसिद्ध व्हायला १९७० उजाडले, आणि त्यांनीही अनुभवकथनच लिहिले. तेच प्रसंग नावे बदलून मांडल्याने कादंबरी होणार नाही. साक्षीदाराला जे दिसले नाही, ते कादंबरीकाराचे रान. मोर्चाला न गेलेल्या लग्नगड्याच्या मनात त्या रात्री काय चालले होते? अलीकडचे उदाहरण घ्या: नोव्हेंबर २०१८पासून इथल्याच धुंदलवाडी परिसराला भूकंपाचे धक्के बसू लागले. धक्क्यांची तीव्रता बातमीत आली; भीतीने अंगणात झोपणाऱ्या घरातल्या सासू-सुनांचे काय झाले, ते बातमीत येत नाही. म्हणून आधी ठरवा, गोष्ट सांगतो कोण आणि त्याला काय ठाऊक नाही.

‘बोली वाचकाला कळत नाही’ हा आक्षेप उद्धव शेळके यांच्या ‘धग’ कादंबरीने १९६०मध्येच निकालात काढला. तिची वऱ्हाडी बोलणारी नायिका कौतिक साऱ्या महाराष्ट्राला कळली. आक्षेपात तथ्य आहे ते एवढेच, की शोभेला पेरलेली बोली वाचवत नाही. तलासरीहून वापीच्या कारखान्यात जाणारा कामगार घरी वारली बोलतो, शेठशी गुजराती किंवा हिंदी, शाळेतल्या गुरुजींशी मराठी. कोणासमोर तो भाषा बदलतो, यातच त्याची पत आणि त्याचा धाक दिसतो. शुद्धलेखनाच्या नावाखाली हे पुसले, तर पात्रच पुसले जाते.

राहिला पैसा. ‘नवख्याला फुकट कोण छापतो?’ हा प्रश्न बिनतोड वाटतो. पण लेखकाकडूनच नफा वसूल झाला, की पुस्तक विकायची गरज प्रकाशकाला उरत नाही आणि गठ्ठे लेखकाच्या माळ्यावर जातात. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिथे अर्ज करा. प्रकाशकाकडे जायचे, तर त्याने अलीकडे काढलेल्या कादंबऱ्या आधी वाचा, मगच सारांश आणि सुरुवातीची प्रकरणे पाठवा. करार लेखी हवा. रॉयल्टीचा दर आणि हक्कांची मुदत त्यात हवी. मुदत लिहिलेली नसेल, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क पाच वर्षांसाठीच दिले असे धरतात.

थोडक्यात, दुसरा खर्डा होईपर्यंत छपाईसाठी कोणाला पैसे देऊ नका. आणि तो झाल्यावर तर मुळीच देऊ नका.